'ओरिजिनल आहे' असं मी म्हणाले, तिथेच चुकले: जुना सॅक्सोफोन, लॅकरचा थर आणि पुराव्याची दिशा

कोडोलीजवळच्या एका गावात आमच्या ओळखीचे एक बँडवाले मामा आहेत. लग्नाचा सीझन, गणपती, गावची जत्रा, एवढ्यावर त्यांचं वर्ष चालतं. बेंजो पार्टी आणि डीजे आल्यापासून ब्रास बँडला मागणी कमी झालीये, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्याकडे घरातला एक जुना ऑल्टो सॅक्सोफोन आहे. पुण्याहून जुनी वाद्यं घेणारे एक गृहस्थ आले, वाद्य बघितलं आणि म्हणाले, "फिनिश ओरिजिनल असेल तर एक भाव. नंतर कुणी लॅकर मारलेलं असेल तर त्याच्या निम्माही नाही."

मामा दुसऱ्या दिवशी वाद्य गोणपाटात गुंडाळून वारणानगरला माझ्याकडे घेऊन आले. "ताई, तुम्ही ह्या कोटिंगचंच शिकताय न्हवं? बघा की जरा."

माझा विषय धातूवरच्या पातळ थरांचा आहे. गंज लागू नये म्हणून जे थर देतात ते. त्यामुळे प्रश्न अगदी माझ्या अंगणातला. मी वाद्य खिडकीपाशी नेलं. मधासारखा गडद सोनेरी रंग, जिथे हात लागतो तिथे झिजलेलं, मधेमधे तपकिरी ठिपके. खिशातला यूव्ही टॉर्च मारला, हिरवट-पिवळट चमक आली. मी म्हणाले, "ओरिजिनलच आहे, मामा." त्यांनी तसं पुण्याला कळवलं, समोरच्यांनी विसार पाठवला. पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. कारण जुने सॅक्सोफोन गोळा करणाऱ्यांची 'ओरिजिनल फिनिश' ओळखायची जी पद्धत आहे, तिच्यावर मला टीका करायचीये. आणि ती टीका तुमच्या सिनॉप्सिसलाही लागू पडेल अशी माझी शंका आहे.

ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन माणसाने पॅरिसमध्ये १८४६ साली या वाद्याचं पेटंट घेतलं. वाद्य पितळेचं, म्हणजे तांबं आणि जस्त. पितळ उघडं ठेवलं तर काळं पडतं, हे आपल्या घरातल्या समईला विचारा. म्हणून त्यावर काहीतरी चढवायचं. १९२० च्या दशकातल्या अमेरिकन सॅक्सवर बहुतेक वेळा चांदीचा मुलामा असायचा, बेलच्या आतल्या बाजूला सोन्याची झाक. श्रीमंत गिऱ्हाईक असेल तर सगळ्यावरच सोनं. पुढे पारदर्शक लॅकर आलं आणि तेच रूढ झालं. १९२० च्या दशकात मोटारगाड्यांच्या रंगात नायट्रोसेल्युलोजचा बोलबाला झाला, तेच रसायन वाद्यांवरही पोचलं. कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया करून हे बनतं. जुन्या सिनेमाच्या रिळांचा पायाही हेच रसायन, दादासाहेब फाळक्यांच्या काळातली फिल्म याचीच असायची. वयाबरोबर ते पिवळं पडतं आणि तडकतं. नंतरच्या काळात बऱ्याच कारखान्यांनी इपॉक्सी जातीचं लॅकर वापरायला सुरुवात केली.

'लॅकर' या शब्दाचं मूळ आपली लाख, संस्कृतातली लाक्षा, हे शोधल्यावर मला उगाचच आनंद झाला होता. आणि लाख या वाद्यात खरोखर असते, फक्त बाहेर दिसत नाही. चाव्यांखालची चामड्याची पॅड पूर्वापार लाखेनेच चिकटवतात. मामासुद्धा चावीची वाटी तापवून लाख पातळ करतात आणि पॅड बसवतात. मी त्यांना म्हटलं, ही थर्मोप्लास्टिक ॲढेसिव्हची पद्धत आहे. ते म्हणाले, "असंल."

आता संग्राहकांचा प्रश्न. पॅरिसच्या सेल्मर कंपनीचं मार्क सिक्स हे १९५४ साली आलेलं मॉडेल, एल्कहार्टच्या कॉनची किंवा क्लीव्हलंडच्या किंगची जुनी वाद्यं, यांच्यामागे जगभर लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने वाद्यावर कारखान्यातला पहिला थर शिल्लक असणं ही मोठी गोष्ट. कारण 'री-लॅकर' करायचं म्हणजे आधी जुना थर काढायचा आणि मग फिरत्या चाकावर बफ मारून पितळ चकचकीत करायचं. बफ नुसती घाण काढत नाही, थोडा धातूही खातो. नक्षीच्या रेषा उथळ होतात, सिरियल नंबरच्या कडा गोल होतात. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, त्यामुळे ही चिंता पोकळ नाही. एवढं मी संग्राहकांच्या बाजूने मान्य करते.

गडबड होते ती पुढे. 'ओरिजिनल कसं ओळखावं' याच्या ज्या खुणा सांगितल्या जातात त्या जवळजवळ सगळ्या एकाच दिशेने चालतात, आणि लोक त्यांना उलट दिशेने चालवतात. मीही तेच केलं.

रंगाचंच घ्या. जुनं नायट्रोसेल्युलोज गडद होतं, हे खरं. पण 'जुनं लॅकर गडद असतं' यावरून 'हे गडद आहे म्हणून कारखान्यातलं आहे' असं निघत नाही. १९६० साली एखाद्या दुरुस्तीवाल्याने मारलेलं लॅकरही आज साठ-पासष्ट वर्षांचं झालंय. शिवाय रंग मिसळून मुद्दाम गडद केलेलं लॅकरही मिळतं. झीज हा त्याहून बरा पुरावा, कारण अंगठा जिथे टेकतो तिथली झीज खोटी करायला फार कष्ट पडतील. पण ती सांगते काय? हा थर खूप वर्षं वापरात आहे, एवढंच. तो पहिला आहे की दुसरा, हे झीज सांगत नाही. थराचं वय आणि थराचा क्रमांक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवणं ही या सगळ्या व्यवहारातली मूळ चूक.

यूव्हीचंही तसंच. वय झालेलं नायट्रोसेल्युलोज हिरवट-पिवळं चमकतं, लाख नारिंगी चमकते. कोणत्या जातीचं रसायन आहे याचा अंदाज त्यातून येतो. अंदाजच. कारण चमक थराच्या जाडीवर, मळावर आणि खालच्या धातूवरही अवलंबून असते.

नक्षीची खूण तर फारच लाडकी. काही जण सांगतात, नक्षीच्या खाचेत लॅकर दिसलं तर समजा नंतर मारलंय, कारण नक्षी लॅकरनंतर कोरली जायची. प्रश्न असा की कुठल्या कारखान्यात? काहींनी आधी लॅकर दिलं आणि मग नक्षी कोरली, काहींनी आधी नक्षी कोरून मग लॅकर दिलं. मार्क सिक्सचंच उदाहरण बघा. अमेरिकेत विकायची वाद्यं पॅरिसहून सुट्या स्वरूपात जायची आणि जुळणी, नक्षी, लॅकर हे सगळं एल्कहार्टला व्हायचं. म्हणजे एकाच मॉडेलची, एकाच काळातली दोन वाद्यं दोन खंडांत, दोन हातांनी लॅकर केलेली, आणि दोन्ही 'ओरिजिनल'! रंगही एकसारखा नाही. अशा ठिकाणी एका ओळीचा नियम सांगणारा माणूस मला धाडसी वाटतो.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, मग नमुने गोळा करा, खात्रीची ओरिजिनल वाद्यं बाजूला ठेवा आणि त्यांच्याशी तुलना करा. बरोबर, तेच करायला हवं. पण 'खात्रीची ओरिजिनल' वाद्यं निवडणार कशी? गडद रंग, ठरावीक झीज, ठरावीक नक्षी बघून? म्हणजे ज्या खुणा तपासायच्यात त्याच खुणांवरून प्रमाण नमुना ठरवला, आणि मग त्या नमुन्यात त्याच खुणा सापडल्या म्हणून टाळ्या. चक्राकार तर्क तो हाच. थिसिसमध्ये हा इतक्या बेमालूम शिरतो की व्हायव्हापर्यंत दिसत नाही. माझ्याच पहिल्या वर्षाच्या कामात मी गंजलेले नमुने डोळ्यांनी निवडून मग 'गंजाचे दृश्य निकष' लिहिले होते. त्यावर गाईडनी पेन्सिलीने फक्त एक गोल काढला होता. शब्द नाही, नुसता गोल.

या चक्रातून बाहेर पडायचं तर पुरावा थराच्या बाहेरून यायला हवा. खरेदीची पावती आणि पेटीसह एकाच घरात पडून राहिलेलं, फारसं न वाजलेलं वाद्य. कारखान्याचा कॅटलॉग. त्या काळातले स्पष्ट फोटो. अशी वीस-पंचवीस वाद्यं, आणि ज्यांचं री-लॅकर झाल्याचं दुरुस्तीच्या नोंदीवरून पक्कं माहीत आहे अशी तेवढीच. दोन्ही मिसळायची, लेबलं झाकायची आणि जाणकारांसमोर ठेवायची. किती बरोबर येतात ते मोजायचं. 'वीस वर्षं वाद्यं हाताळलीयेत, नजरेला कळतं' या वाक्याला माझा विरोध नाही. नजरेला खरंच कळत असेल. पण किती वेळा चुकतं हा आकडा जोडल्याशिवाय ते वाक्य मापन होत नाही, मत राहतं.

आता माझी चूक, सविस्तर. विसार आल्यावर मला जरा धाकधूक वाटली म्हणून मी 'खात्रीसाठी' चाचणी करायचं ठरवलं. खात्रीसाठी हा शब्द लक्षात ठेवा. मामांना विचारून गार्डखालच्या, दिसत नाही अशा जागेवरून लॅकरची टाचणीच्या टोकाएवढी पापडी काढली आणि एफटीआयआर घेतला. १६५०, १२८० आणि ८४० वेव्हनंबरपाशी ठळक शोषण. ही नायट्रोसेल्युलोजची ओळख, पुस्तकातल्यासारखी. मी खूश. प्रिंट काढून गाईडच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, ओरिजिनल सिद्ध झालं."

सरांनी विचारलं, "त्या काळातले दुरुस्तीवाले काय मारत होते?"

झालं. तेही नायट्रोसेल्युलोजच मारत होते, दुसरं काय मारणार! माझी चाचणी एकाच परिस्थितीत निर्णायक ठरली असती: इपॉक्सी किंवा ॲक्रिलिक निघालं असतं तर. नायट्रोसेल्युलोजच्या काळात बनलेल्या वाद्यावर नंतरच्या काळातलं लॅकर सापडलं की 'ओरिजिनल' हा दावा तिथेच पडतो. पण नायट्रोसेल्युलोज निघालं तर दावा फक्त पडला नाही, एवढंच म्हणता येतं. सिद्ध झाला असं नाही. नेट-सेटच्या पेपर एकसाठी तुम्ही पॉपर आणि फॉल्सिफायेबिलिटी पाठ करता ना, ते हेच. मीही पाठ केलं होतं. महागडं यंत्र समोर असलं की पाठ केलेलं विसरतं, कारण आलेखाचा रुबाब मोठा असतो. एक्सआरएफवाल्यांनी हसू नये. ते यंत्र चांदी-सोन्याचा मुलामा आणि पितळातलं तांब्या-जस्ताचं प्रमाण सांगेल, पण लॅकर मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजनचं. तिथे ते जवळजवळ आंधळं आहे.

मग मी दहापट भिंग घेऊन वाद्य पुन्हा पहिल्यापासून बघितलं. यावेळी 'ओरिजिनल आहे का' असं विचारलं नाही. 'ओरिजिनल नसेल तर कुठे दिसेल' असं विचारलं. प्रश्न उलटा केल्यावर डोळे वेगळीकडे गेले. बेल आणि मुख्य नळी यांना जोडणारा आधार एका टोकाला कधीतरी सुटलेला होता आणि परत सोल्डर केलेला होता. काम जरा ओबडधोबड, सोल्डर बाहेर पसरलेलं. आणि लॅकरचा थर त्या पसरलेल्या सोल्डरवरून कुठेही न तुटता सलग गेलेला. म्हणजे दुरुस्ती आधी, लॅकर नंतर. पुरातत्त्ववाले जमिनीचे थर वाचतात तसंच हे. साल कळत नाही, क्रम मात्र पक्का कळतो. कारखान्यातल्या थरावर नंतर सोल्डर केलं असतं तर उष्णतेने आजूबाजूचं लॅकर जळून तिथे उघडं किंवा काळं कडं राहिलं असतं. तसं कडं नव्हतं. पुढे शोधल्यावर एका स्क्रूच्या खाचेत आणि एका स्टीलच्या स्प्रिंगवरही लॅकर सापडलं, म्हणजे सगळे भाग पूर्ण न सोडवताच कुणीतरी फवारा मारला होता. नक्षीभोवती एका दिशेच्या बारीक रेषा, बफच्या चाकाच्या.

संग्राहकांच्या यादीत या खुणाही असतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझी तक्रार यादीबद्दल नाही. तक्रार ही की यादीतल्या सगळ्या खुणा एकाच वजनाच्या धरल्या जातात आणि मग बेरीज करून 'ऐंशी टक्के ओरिजिनल' असं काहीतरी बोललं जातं. सोल्डरवरून गेलेला सलग थर ही एक खूण बाकीच्या दहा अनुकूल खुणा पुसून टाकते. तिथे बेरीज चालतच नाही.

गंमत म्हणजे या वाद्याबद्दलची सगळ्यात पक्की माहिती लॅकरमधून आलीच नाही. मामांच्या घरी सांगतात की आजोबांनी १९२५ साली मुंबईत एका साहेबाकडून वाद्य घेतलं. बेलवर नाव आहे लंडनच्या बूझी अँड हॉक्सचं. बूझी आणि हॉक्स या दोन वेगळ्या कंपन्या होत्या, त्या एकत्र झाल्या १९३० साली. म्हणजे या नावाचं वाद्य १९२५ मध्ये असूच शकत नाही. कुठलंही यंत्र न लावता, नुसतं वाचून. आजोबांनी वाद्य घेतलं हे खरं असेल, साल घरात सांगता सांगता मागे सरकलं असेल. मामांना हे सांगताना मला जड गेलं.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुम्ही विचारणारच. ओरिजिनल लॅकरचा आवाज 'उबदार' असतो, री-लॅकरने तो 'मरतो', असा समज आहे. मला तो पटत नाही. अशा वाद्यात कंप पावतो तो मुख्यतः आतला हवेचा स्तंभ. जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली चांदी, तांबं आणि लाकूड अशा वेगवेगळ्या पदार्थांच्या बासऱ्यांवर प्रयोग केला, तेव्हा ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही फरक ओळखता आला नव्हता. बासरी म्हणजे सॅक्स नव्हे, हे मान्य. पण चार्ली पार्कर १९५३ साली टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चक्क प्लास्टिकचा ग्राफ्टन ऑल्टो वाजवत होता, आणि ते रेकॉर्डिंग आजही लोक जीव टाकून ऐकतात. मग री-लॅकर केलेली वाद्यं बऱ्याच जणांना खरोखर वाईट का वाटतात? बहुधा म्हणून की री-लॅकरला जातं तेच वाद्य, जे पडलंय, दबलंय, गळतंय. शिवाय ते सोडवून परत जोडताना पॅड नीट बसली नाहीत तर गळती वाढते. गळतीने आवाज नक्की मरतो. दोष लॅकरच्या नावावर लागतो, कारण लॅकर दिसतं आणि गळती दिसत नाही.

आपल्याकडे 'ओरिजिनल' या शब्दाला एवढी पूजा नव्हती, हेही नोंदवते. आपल्या शेजारच्या मिरजेत तानपुरे आणि सतारी करणारी घराणी आहेत, मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना पाणी देणारी, झिलई करणारी माणसं. तानपुऱ्याचं पॉलिश गेलं की ते परत करून घ्यायचं, यात कुणाला वाद्याचा अपमान वाटत नाही. गाणारा जवारी बघतो, पॉलिशचं साल विचारत नाही. अर्थात यावरून बफ मारणं योग्य ठरतं असं नाही. लाकडावर लाखेचा हात फिरवणं आणि पितळ चाकावर धरणं यात फरक आहे. पहिल्यात वर काहीतरी चढतं, दुसऱ्यात मूळचं कमी होतं. पण बाजारभावासाठी 'ओरिजिनल' आणि जपणुकीसाठी 'ओरिजिनल' हे दोन वेगळे हेतू आहेत, आणि एकाच शब्दाखाली दोन्ही चालतात तेव्हा नुकसान विकणाऱ्याचं होतं.

मामांचं झालंच. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की मी चुकले. एका कागदावर तीनच वाक्यं लिहून दिली: वाद्य १९३० नंतरचं. आत्ताचा लॅकरचा थर किमान एका दुरुस्तीनंतरचा, म्हणून कारखान्यातला नाही. थराचं रसायन नायट्रोसेल्युलोज, त्यामुळे तोही बराच जुना असावा, पण साल सांगता येत नाही. चौथं वाक्य लिहायचा मोह झाला होता, 'तरीही उत्तम स्थितीत' वगैरे. नाही लिहिलं. मामांनी कागद दोनदा वाचला, तोच फोटो काढून पुण्याला पाठवला आणि विसार परत केला. त्या गृहस्थांनी नवीन भाव सांगितला, तो मामांना परवडला नाही.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता बफ मारून आणू का? आता कुठं ओरिजिनल हाय ते."

मी त्यांना भिंग दिलं आणि सिरियल नंबर बघायला लावला. तिसरा आकडा तीन आहे की आठ, हे आत्ताच कळत नाही. अजून एक बफ बसला तर तो आकडाच राहणार नाही. त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितलं.

"तीन हाय," ते म्हणाले. "पण वरातीत लोक म्हणत्यात, मामा, तुमचा वाजा काळा पडलाय. त्यांना काय सांगू?"